किंग घ्यावा की क्वीन? आधी पलंगाभोवतीची जागा मोजा

ज्यांना कानाला हेडफोन लावायला वेळ नाही, लोकलमध्ये रेंज जाते, किंवा टेप हातात घेऊन एकेक आकडा पुन्हा बघायचाय, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना माझं जे 'अं... म्हणजे... ते हे' चालतं, तेवढं काढून टाकलंय. आकडे सगळे ठेवलेत.

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. पलंग! बेडरूमसाठी पलंग केवढा घ्यायचा? त्यात काय सांगण्यासारखं? खोलीत मावेल तेवढा मोठा घ्यायचा. मीही अगदी हेच म्हणायचे. आणि त्याची किंमत माझ्या आईनं भरली. म्हणून हा भाग.

आमची गोष्ट

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही डोंबिवलीत वन बीएचके घेतला. बेडरूम दहा बाय दहा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली, त्यामुळे मी दुकानात शिरल्या शिरल्या सांगितलं, "किंग साइज दाखवा." माहेरी आम्ही तिघी बहिणी एका ओळीत गाद्या घालून झोपायचो. सकाळी उठलं की वळकट्या करून कोपऱ्यात. त्यामुळे मोठा पलंग म्हणजे माझ्यासाठी नुसतं फर्निचर नव्हतं, 'आता आपलं बरं चाललंय' याचा पुरावा होता.

पलंग आला, बसला. फोटो छान आले. हळूहळू लक्षात आलं की कपाटाचं दार उघडायचं तर आधी पलंगावर चढून बसावं लागतंय. नवरा खिडकीच्या बाजूला झोपायचा, त्याला रात्री उठायचं झालं की पायथ्याकडून सरपटत उतरायचा. आम्ही हसण्यावारी नेलं. तिशीतली माणसं, काय बिघडतंय?

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डिस्चार्जनंतर तिला आमच्याकडे आणलं. आम्ही ठरवलं होतं की बेडरूम तिला द्यायची, बाथरूमही तिथेच आहे. ती वॉकर घेऊन दारातून आत आली, पायथ्यापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. कपाट आणि पलंग यांच्यामधल्या बोळात वॉकर शिरेचना. आडवा करून बघितला, घडी करून बघितला. शेवटी वॉकर पायथ्याशी ठेवून, कपाटाच्या हँडलला धरत धरत ती उशापर्यंत जायला लागली.

तिसऱ्या रात्री तिचा हात हँडलवरून सुटला. नशीब, पलंगावरच बसली, पडली नाही. पण इतकी घाबरली की दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, मला बाहेर हॉलमध्ये घाला." पुढचे पाच आठवडे ती हॉलमधल्या दिवाणावर होती. बेल वाजली की घाईघाईनं उठून गाऊन सारखा करायची. कुणी पाहुणा बसला असेल तर तो जाईपर्यंत तशीच ताटकळायची, बाथरूमला जायचंय हेसुद्धा सांगायची नाही. मला एकदाच म्हणाली, "पलंग तुझा छान आहे गं. पण त्यानं सगळी खोलीच खाल्लीये."

त्या दिवशी मी पहिल्यांदा टेप घेतला. घरात दोन वर्षं राहून झाल्यावर!

चूक नेमकी कुठे झाली?

आता हिशेब बघा. ब्रोशरमध्ये खोली दहा बाय दहा, म्हणजे १२० इंच बाय १२० इंच. मी प्रत्यक्ष मोजली तर ११८ बाय ११८ निघाली. प्लास्टर, भिंतीच्या तळाची स्कर्टिंगची टाइल, यात एखाद-दोन इंच जातातच. त्यामुळे पहिला नियम हा की ब्रोशरवर विसंबून पलंग घ्यायचा नाही.

डावीकडच्या भिंतीला कपाट, २४ इंच खोल. उरले ९४ इंच. माझी गादी ७२ इंच रुंद, म्हणजे उरायला हवेत २२. पण पलंग गादीपेक्षा मोठा असतो! दोन्ही बाजूंची चौकट धरून माझा पलंग बाहेरून ७५ इंच भरला. तो खिडकीच्या भिंतीला टेकवूनसुद्धा कपाटाच्या बाजूला उरले फक्त १९ इंच. घरी वापरायचा साधा वॉकर साधारण २४ इंच रुंद असतो. मग तो शिरणार कसा?

आता याच खोलीत क्वीन ठेवून बघू. गादी ६० इंच, पलंग बाहेरून ६३. ९४ वजा ६३, उरले ३१ इंच. वॉकर आरामात जातो, कपाटाचं दार पूर्ण उघडतं, समोर उभं राहून साडी निवडता येते. किंग आणि क्वीनमध्ये फरक फक्त १२ इंचांचा, म्हणजे एका फुटाचा. पण त्या एका फुटात माझी आई बेडरूममध्ये राहणार की हॉलमध्ये, हे ठरलं.

म्हणून आजच्या भागाचं सार एवढंच आहे. खोलीत केवढा पलंग मावतो हे विचारू नका, पलंग ठेवल्यावर माणूस मावतो का हे विचारा.

नावं विसरा, इंच लक्षात ठेवा

सिंगल, डबल, क्वीन, किंग ही नावं दुकानागणिक बदलतात. आपल्याकडे साधारण चालणाऱ्या रुंदी अशा:

सिंगल: ३६ इंच (काही ठिकाणी ३० सुद्धा)
डबल: ४८ इंच
क्वीन: ६० इंच
किंग: ७२ इंच

आणि लांबी तीन प्रकारची: ७२, ७५ किंवा ७८ इंच. सुतारमामा हेच फुटांत सांगतात. 'सव्वासहा बाय पाच' म्हणजे ७५ बाय ६०, आणि 'साडेसहा बाय सहा' म्हणजे ७८ बाय ७२.

एक श्रोता लंडनला आहे, त्यानं गमतीचा मेसेज केला होता की, "ताई, मी किंग मागवला आणि आला आपला क्वीन." त्याचं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये किंग म्हणजे १५० बाय २०० सेंटिमीटर, म्हणजे आपला पाच फुटी. आपल्या सहा फुटीला तिकडे सुपर किंग म्हणतात. उलट अमेरिकेतला किंग ७६ बाय ८० इंच, म्हणजे आपल्यापेक्षाही मोठा. त्यामुळे गादी असो, चादर असो, ऑर्डर देताना नाव बघू नका, इंच बघा.

आधी माणसं मोजा

टेप घेण्याआधी एक प्रश्न: या पलंगावर कोण झोपणार?

लांबीचं गणित सोपं आहे. सगळ्यात उंच माणसाची उंची अधिक सहा इंच. पाच फूट दहा इंचांचा माणूस म्हणजे ७० इंच. त्याला ७६ लागतात, मग ७८ चीच गादी घ्या. ७२ ची घेतलीत तर उशी जरा खाली सरकली की पाय बाहेर. घरात सगळे साडेपाच फुटांच्या आत असतील तर ७२ पुरते. आणि लहान खोलीत ते वाचलेले सहा इंच पायथ्याशी फार कामाला येतात.

रुंदीचं गणित माणशी करा. ४८ च्या डबलवर दोघं झोपले तर प्रत्येकाला २४ इंच. कूस बदलली की शेजारचा जागा. क्वीनवर माणशी ३० इंच, आणि किंगवर ३६, म्हणजे प्रत्येकाला अख्खा सिंगल पलंग. दोघांसाठी क्वीन पुरतो, हे मी आता अनुभवानं सांगते. मूल मधे झोपत असेल तर किंगचा मोह होणं साहजिक आहे. पण मूल काही वर्षांत वेगळं झोपायला लागतं आणि पलंग मात्र पुढची पंधरा वर्षं तिथेच असतो. क्वीनला लागून ठेवायची छोटी खाट हाही पर्याय आहे. नको तेव्हा हलवता येते.

आणि घरात कुणी वयस्कर असेल किंवा अधूनमधून येणार असेल, तर उंचीही बघा. गादीसकट पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. बहुतेकांना १८ ते २० इंच बरी पडते. खूप बुटका पलंग दिसतो मस्त, पण दुखऱ्या गुडघ्यांना त्यावरून उठवत नाही.

मग मोकळी जागा मोजा

मी स्वतः वापरते ते आकडे सांगते. लिहून घ्या.

ज्या बाजूनं रोज चढउतार करायचीय तिथे निदान २४ इंच. ३० असतील तर सुख. वॉकर लागण्याची शक्यता असेल तर ३० ही कमीत कमी, आणि व्हीलचेअर असेल तर ३६.

पलंग आणि कपाट समोरासमोर असतील तर दार उघडून मागे उभं राहण्यापुरती जागा हवी, म्हणजे ३० ते ३६ इंच. कपाटाचं एक दार साधारण १८ इंच बाहेर येतं, आणि त्यापुढे आपण उभे असतो हे विसरायचं नाही. सरकती दारं घेतली तर हा बोळ २४ इंचांवर भागतो.

खोलीचं दार आत उघडतं का, बाथरूमचं कुठे उघडतं, खिडकीचा पल्ला कुठे येतो, हे तिन्ही बघा. आमचं बेडरूमचं दार पलंगाच्या पायथ्यापासून एक इंच राखून जायचं. जाड पायपुसणं टाकलं की अडकायचं.

पलंगाखाली ड्रॉवर असतील तर ते दीड-दोन फूट बाहेर येतात. तेवढी जागा नसेल तर त्यातल्या गोधड्या वर्षातून एकदाच बाहेर निघतील. लहान खोलीत हायड्रॉलिक बरा, कारण तो वर उघडतो. पण उघडून बघा, पंखा, लोंबता दिवा किंवा भिंतीवरचं शेल्फ आडवं येत नाही ना.

स्विचबोर्डही बघा! पलंगाच्या डोक्याकडची उंच फळी प्लगवर आली की मोबाइल चार्जिंगला लावायला हात भिंतीमागे घालावा लागतो. माझ्याकडे अजून एक सॉकेट तसाच दडलेला आहे.

आणि घरात डोकं कुठल्या दिशेला करायचं यावर मतं असतील, तर ती चर्चा खरेदीच्या आधी करा. पलंग फिरवला की वरची सगळी गणितं बदलतात.

कुठल्या खोलीत काय बसतं?

देशपातळीवरची जी राष्ट्रीय इमारत संहिता आहे, तिच्यात राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र सांगितलंय, आणि दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ ची चालते. ९.५ म्हणजे साधारण १०२ चौरस फूट, ७.५ म्हणजे जवळपास ८०. आपल्या शहरांतल्या दहा बाय दहा आणि आठ बाय दहा खोल्या या किमान आकड्यांच्या आसपासच्याच असतात. म्हणजे आपण बहुतेक जण काठावरच्या खोल्यांमध्ये राहतो, आणि दुकानातला शोरूम हॉलएवढा असतो. तिथे किंगसुद्धा बिचारा लहान दिसतो!

दहा बाय बारा: उशी दहा फुटांच्या भिंतीला, कपाट समोर. १४४ इंचांत पलंगाची बाहेरची लांबी ८४, कपाट २४, मधे ३६ उरतात. अगदी नेमकं. रुंदीत किंग ठेवला तर दोन्ही बाजूंना साडेबावीस इंच, क्वीन ठेवला तर साडेअठ्ठावीस. हा हिशेब कागदावरच्या दहा बाय बाराचा, प्रत्यक्षात इंच-दोन इंच कमीच धरा. किंग चालेल, पण क्वीन ठेवलात तर खोली ऐसपैस वाटेल.

दहा बाय दहा: कपाट आत असेल तर क्वीन. कपाट दुसरीकडे असेल तरच किंगचा विचार.

आठ बाय दहा: इथे कपाट आणि क्वीन दोघांचं पटत नाही. ९६ इंचांतून पलंगाचे ६३ आणि कपाटाचे २४ गेले की उरतात ९. एकतर कपाट बाहेर काढा, किंवा ४८ चा डबल एका भिंतीला टेकवा. मुलांची खोली असेल तर सिंगल आणि अभ्यासाचं टेबल.

एक हिशेब पैशांचाही. ७८ बाय ७२ चा किंग जमिनीवर ३९ चौरस फूट व्यापतो. शंभर चौरस फुटांच्या खोलीतला चाळीस टक्के भाग! क्वीन साडेबत्तीस. फरक साडेसहा चौरस फुटांचा. समजा तुमच्या भागात दर दहा हजार रुपये फूट आहे, तर तो फरक पासष्ट हजारांच्या जागेचा झाला. आजीच्या काळी गाद्या सकाळी गुंडाळल्या जायच्या आणि तीच खोली दिवसा बैठक, अभ्यासिका, सगळं असायची. पलंग चोवीस तास जागा अडवतो. म्हणून तो किती अडवतोय हे माहीत असावं.

रांगोळीची युक्ती

मला कुणी एकच सल्ला विचारला तर हा सांगेन. पलंग घेण्याआधी तो जमिनीवर काढा. खडू, रांगोळी, चिकटपट्टी, काहीही चालेल. गादीचं नाही, पलंगाचं बाहेरचं माप काढा. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "बाहेरून किती भरतो?" डोक्याकडच्या फळीत कप्पे असतील तर लांबीत आणखी आठ-दहा इंच जाऊ शकतात.

मग दोन दिवस त्या चौकोनात पाय न टाकता राहा. कपाट उघडा, कपडे बदला, रात्री दिवा न लावता बाथरूमला जा. जिथे रेघ पुसली जाईल, तिथे उद्या नडगी आपटणार आहे. नवा पलंग घेताना आम्ही हे केलं, आणि नवरा पहिल्याच रात्री रांगोळी फिस्कटून आला!

टेप नाहीये? ए-फोर कागद घ्या. दोन कागद लांबीला लांबी जोडून ठेवले की साडेतेवीस इंच होतात, म्हणजे आपले जवळपास २४. ते पलंगाशेजारी मावत नसतील तर बोळ अरुंद आहे. फोनमधली मोजमापाची ॲप्स अंदाजाला ठीक, पण इथे एकेका इंचाचा प्रश्न आहे. त्यांच्या भरवशावर ऑर्डर देऊ नका.

शेवटच्या तीन गोष्टी, पटकन

गादी सगळ्यात शेवटी मागवा. पलंग घरी बसला की आतल्या चौकटीचं माप घ्या आणि मग ऑर्डर द्या. मापानुसार बनवलेली गादी बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत. सुतारमामांकडून पलंग करून घेत असाल तर त्यांना ठरलेल्या मापातलाच करायला सांगा. 'जागा आहे तर दोन इंच वाढवू' म्हटलं की आयुष्यभर गादी आणि चादर शोधत बसाल.

चादरीचं माप तपासा. बाजारात ९० बाय १०० इंचांची डबल चादर सर्रास मिळते. ७८ बाय ७२ ची गादी आठ इंच जाड असेल तर लांबीलाच ७८ अधिक १६ म्हणजे ९४ हवेत. ९० ची बाजू खाली खोचणार कशी? किंगला १०८ बाय १०८ ची घ्या.

आणि लिफ्ट! स्प्रिंगची सहा फुटी गादी दुमडत नाही. लिफ्टमध्ये जात नसेल तर जिन्याची वळणं मोजा. नाहीतर ३६ च्या दोन गाद्या घ्या, जोडल्या की किंगच होतो.

तर मंडळी, आम्ही तो किंग अर्ध्याहून कमी किमतीत विकला आणि ७८ बाय ६० चा साधा पलंग घेतला. दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई पुन्हा आली. वॉकर घेऊन दारातून आत, पायथ्यावरून वळली, थेट उशापर्यंत गेली आणि काठावर बसली. मी श्वास रोखून बघत होते. तिनं हात लांब करून कपाटाचं दार उघडलं, आपली शाल काढली, दार लावलं. म्हणाली, "आता कशी माणसांची खोली वाटतेय."

आज रात्री एक काम करा. आपल्या पलंगाभोवतीची सगळ्यात अरुंद जागा मोजा आणि तो आकडा मला व्हॉइस नोटमध्ये सांगा. १९ पेक्षा कमी निघाला तर लाजू नका, आपण एकाच बोटीत होतो. आणि घरात ज्यांचं लग्न ठरलंय किंवा ज्यांनी नुकतं घर बुक केलंय, त्यांना हा भाग आत्ताच पाठवा. पलंग आल्यावर पाठवून उपयोग नाही!

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नीट झोपा.